दोनाची झालेली तीन वर्षं: कम्युनिटी कॉलेजमधलं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे घर कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या आसपासचं. आईबाबा दोघंही नोकरी करणारे, मूळचे सातारा जिल्ह्यातले. ग्रीन कार्ड मिळून बरीच वर्षं झालेली. ही गोष्ट त्यांच्या थोरल्या मुलाची. ओळख पटू नये म्हणून कॉलेजचं नाव गाळलंय आणि एकदोन घरगुती तपशील बदललेत. मी या घराची जुनी मैत्रीण. दुसऱ्या एका कम्युनिटी कॉलेजच्या ट्यूटरिंग सेंटरमध्ये गणित शिकवते. मुलगा मला मावशी म्हणतो, आणि त्याच्या आईचा समज असा की कॉलेजचं सगळं मला ठाऊक असतं. हा समज पुढे महागात पडला.

मार्च २०२२ मध्ये प्रवेशांचे निकाल आले. मुलाला सिव्हिल इंजिनीअरिंग करायचं होतं. बारावीचं वर्ष बरं गेलं होतं, पण दहावी-अकरावीचे ग्रेड कोविडच्या ऑनलाइन शाळेत घसरले होते. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे इथल्या भाषेत यूसी, तिच्या ज्या कॅम्पसना त्याने अर्ज केले होते तिथून नकार आला. परराज्यातल्या एका सरकारी विद्यापीठाने घेतलं, पण परराज्यातला म्हणून फी भरमसाट. राहता राहिलं घरापासून वीस मिनिटांवरचं कम्युनिटी कॉलेज.

साताऱ्याहून आजीने फोनवर विचारलं, "कम्युनिटी म्हणजे कुठल्या समाजाचं गं? आपल्या पोराला घेतील का तिथे?" आम्ही हसलो, पण आईचा चेहरा उतरलेलाच होता. गणपतीत चारचौघांत विचारलं तर काय सांगायचं, हा तिचा खरा प्रश्न होता.

आजींसाठी आणि ज्यांना ही व्यवस्था नवी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: कॅलिफोर्नियात अशी ११६ सरकारी कॉलेजं आहेत. हायस्कूल पास झालेल्या कुणालाही प्रवेश मिळतो, मेरिट लिस्ट लागत नाही. राज्यातल्या रहिवाशाला फी ४६ डॉलर प्रति युनिट (युनिट म्हणजे क्रेडिट, विषयाच्या वजनाचं माप), आणि हा दर २०१२ पासून तसाच आहे. वर्षाला ३० युनिट घेतले तर १,३८० डॉलर. यूसीची एका वर्षाची नुसती ट्यूशन १४-१५ हजारांच्या घरात जाते, आणि हॉस्टेल-मेस धरून आकडा ४० हजारांवर. कम्युनिटी कॉलेजात पहिल्या दोन वर्षांचे विषय करायचे आणि यूसीच्या किंवा कॅल स्टेटच्या, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या सरकारी विद्यापीठाच्या, तिसऱ्या वर्षात ट्रान्स्फर व्हायचं. पदवी मिळते ती ट्रान्स्फर झालेल्या विद्यापीठाची. यूसीत ट्रान्स्फर होऊन येणाऱ्यांतले दहापैकी नऊ जण राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजांतूनच आलेले असतात.

बाबांना हे पटवायला मला पाच मिनिटं लागली. ते स्वतः दहावीनंतर पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनीअरिंगला गेलेले. "म्हणजे आमच्यासारखंच की," म्हणाले. मी हो म्हटलं. ते अर्धंच खरं होतं. डिप्लोमाला प्रत्येक सेमिस्टरचे विषय छापील येतात, सगळा वर्ग तेच शिकतो. इथे शेकडो विषयांची यादी समोर असते आणि कुठला कधी घ्यायचा ते विद्यार्थ्यानेच ठरवायचं. हा फरक मी तेव्हा नीट सांगितला नाही.

अडचण

कॉलेज नव्या विद्यार्थ्याला स्वतःचा ईमेल देतं आणि सगळ्या सूचना त्यावरच पाठवतं. मुलगा तो ईमेल उघडतच नव्हता. ओरिएंटेशन पूर्ण करा, काउन्सेलरला भेटून शिक्षणाचा आराखडा बनवा म्हणजे तुम्हाला नावनोंदणीची लवकरची तारीख मिळेल, अशी तीन पत्रं मे-जूनमध्ये येऊन पडली होती. त्याने ती ऑगस्टमध्ये वाचली, वर्ग सुरू व्हायला नऊ दिवस उरले असताना.

मधल्या काळात आईने कॉलेजला फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी नम्रपणे सांगितलं की विद्यार्थ्याची माहिती पालकांना देता येत नाही. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता, तरी उत्तर तेच. इथला कायदा असा आहे की मूल एकदा कॉलेजात दाखल झालं की शैक्षणिक माहितीवर हक्क त्याचा, वय काही असो. हायस्कूलपर्यंत शाळेचं पोर्टल रोज उघडून बघणाऱ्या आईला हा धक्काच होता.

शेवटी काउन्सेलरशी झूमवर अर्ध्या तासाची भेट मिळाली. ऑगस्टच्या त्या आठवड्यात एकेका काउन्सेलरकडे रांग लागलेली असते. त्यांनी भराभर चार विषय काढून दिले: इंग्रजी, सायकॉलॉजी, एथनिक स्टडीज, पब्लिक स्पीकिंग. कॅल्क्युलसचे वर्ग भरले होते. वेटलिस्टवर चौदावा नंबर होता. "पुढच्या सेमिस्टरला घे, हे सगळे विषय ट्रान्स्फरला चालतात," असं म्हणाल्या.

त्यांचं बोलणं चूक नव्हतं. चारही विषय खरोखर चालतात. पण कुणाला? ट्रान्स्फरसाठी सर्वसाधारण विषयांचा एक संच असतो, तेव्हा त्याचं नाव आयगेट्सी होतं, २०२५ पासून त्याच्या जागी कॅल-गेट्सी आला. इकॉनॉमिक्स, इतिहास, समाजशास्त्र करणाऱ्यांनी हा संच आधी संपवावा हे बरोबर. इंजिनीअरिंगवाल्यांना मात्र यूसीच सांगते की आधी मेजरचे, म्हणजे मुख्य शाखेचे, विषय उरका: गणित, फिजिक्स, केमिस्ट्री. बाकीचे मागाहून होतात.

आणि गणिताची साखळी कडक असते. कॅल्क्युलस १ झाल्याशिवाय कॅल्क्युलस २ नाही, फिजिक्सचा पहिला भागही नाही. फिजिक्स झाल्याशिवाय स्टॅटिक्स हा इंजिनीअरिंगचा पायाभूत विषय नाही, आणि स्टॅटिक्सचा वर्ग कॉलेजात वर्षातून एकदाच लागतो. पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस १ घेतला तर चार सेमिस्टरमध्ये सगळं जेमतेम बसतं. एक सेमिस्टर चुकलं की शेवटचा डबा स्टेशनबाहेर.

हे मला डिसेंबरमध्ये कळलं. तो घरी आला, चारही विषयांत ए मिळाल्याचं खुशीत सांगितलं. मी विचारलं, "गणित कुठलं घेतलंस?"

"अजून नाही घेतलं, मावशी."

विचारात घेतलेले पर्याय

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी आम्ही चौघं त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसलो. समोर असिस्ट ही वेबसाइट उघडली. कुठल्या कम्युनिटी कॉलेजचा कुठला विषय कुठल्या यूसीत किंवा कॅल स्टेटमध्ये कुठल्या विषयाच्या बरोबरीचा धरला जातो, याची ती अधिकृत नोंद. डावीकडे विद्यापीठाचा विषय, उजवीकडे आपल्या कॉलेजचा. उजवीकडे 'बरोबरीचा विषय नाही' असं लिहिलं असेल तर तो शेजारच्या कॉलेजात जाऊन करावा लागतो, आणि तसा करताही येतो. मुलाने ही साइट त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. खरं तर तिची ओळख हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातच व्हायला हवी.

पर्याय चार निघाले.

एक, मेजर बदलायचा. कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटसारख्या कमी गणिताच्या विषयाकडे वळायचं. मुलाने ऐकूनही घेतलं नाही.

दोन, परराज्यातल्या त्या विद्यापीठाकडे पुन्हा अर्ज करायचा. नोव्हेंबर २०२२ पासून इथल्या टेक कंपन्यांत कपात सुरू झाली होती आणि बाबांच्या टीममधले दोघं घरी बसले होते. हा पर्याय कुणी मोठ्याने खोडला नाही, पण त्यावर पुन्हा कुणी बोललंही नाही.

तीन, उन्हाळ्यात धावायचं. जानेवारीत कॅल्क्युलस १, उन्हाळ्यात सहा आठवड्यांचा कॅल्क्युलस २, मग दुसऱ्या वर्षी उरलेलं सगळं. कागदावर दोन वर्षांत बसत होतं, पण अर्ज नोव्हेंबरमध्ये करायचा असतो. तेव्हा हातात गणिताचे दोनच ग्रेड असणार आणि फिजिक्सचा एकही नाही.

चार, तीन वर्षं घ्यायची. एक सेमिस्टर कमी पडतंय, पण ट्रान्स्फर बहुतेक ठिकाणी फॉलमध्येच, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रातच होतो, म्हणून सेमिस्टरच्या जागी अख्खं वर्ष.

आईला तिसरा हवा होता. "तीन वर्षं म्हणजे लोक नापास झाला म्हणतील." मी चौथ्याच्या बाजूने होते, पण फार जोर दिला नाही, कारण सुरुवातीला चूक माझीही होती आणि ती मला टोचत होती. ठरलं असं की तिसरा करून बघू, जमलं नाही तर चौथा आहेच.

इथे एक आकडा सांगते, कारण 'दोन वर्षांत ट्रान्स्फर' हे वाक्य सगळे फार सहज म्हणतात. राज्याच्या ऑडिटरने २०२४ मध्ये अहवाल दिला. २०१७ ते २०१९ या काळात कम्युनिटी कॉलेजात आलेले आणि ट्रान्स्फर व्हायचं ठरवलेले जे विद्यार्थी होते, त्यांतले साधारण पाचातला एकच चार वर्षांच्या आत ट्रान्स्फर झाला. यात अर्धवेळ शिकणारे, नोकरी करणारे, घर चालवणारे सगळे आले, त्यामुळे आपल्या मुलाची तुलना थेट करू नये. पण दोन वर्षं ही आपोआप होणारी गोष्ट नाही, एवढं त्यातून दिसतं.

काय केलं

जानेवारीतही कॅल्क्युलस १ च्या सगळ्या वर्गांची वेटलिस्ट लागलेली. यावेळी मी त्याला युक्ती सांगितली. पहिल्या दिवशी वर्गात जाऊन बस. नंबर कितीही असो, जा. प्राध्यापक हजेरी घेतात, न आलेल्यांची नावं काढतात आणि रिकाम्या जागांसाठी वेटलिस्टवाल्यांना ॲड कोड देतात. ऑगस्टमध्ये चौदावा नंबर बघून तो घरीच राहिला होता.

सकाळी आठच्या वर्गात तो नववा होता. सातजण गैरहजर निघाले, सात कोड वाटले, आणि बाई म्हणाल्या, "सॉरी, बाकीच्यांनी संध्याकाळच्या वर्गात बघा." संध्याकाळचा वर्ग साडेसहाचा. तिथे तो तिसरा होता, मिळाला. चार महिने आठवड्यातून दोनदा रात्री साडेनऊला घरी. वर्गात त्याच्या एका बाजूला दिवसभर वायरिंगचं काम करून आलेला चाळिशीचा माणूस, दुसऱ्या बाजूला दोन मुलांची आई. तो म्हणायचा, इथे कुणी उशिरा आलं तर त्यामागे कारण असतं. कॅल्क्युलस १ मध्ये ए मिळाला.

उन्हाळ्यातला कॅल्क्युलस २ मात्र जड गेला. सोळा आठवड्यांचा अभ्यास सहा आठवड्यांत, आठवड्यातून चार दिवस, रोज तीन तासांच्या वर. त्यात त्याने दुपारी एका दुकानात नोकरी धरलेली. इंटिग्रेशनच्या पद्धती एका आठवड्यात संपल्या, पुढच्या सोमवारी सिरीज सुरू. तिसऱ्या आठवड्याअखेर त्याचे ७१ टक्के होते. वर्ग सोडायची शेवटची तारीख चार दिवसांवर.

हा या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय. सोडलं तर ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रकावर, डब्ल्यू लागतो: विषय मध्येच सोडल्याची खूण. तो सरासरीत धरला जात नाही, पण दिसतो. न सोडता सी मिळाला तर विषय पास, पुढे जाता येतं. आई म्हणाली, "पास तर पास, उरकून टाक." पण इथल्या नियमाप्रमाणे सी किंवा त्याहून वरचा ग्रेड मिळाला की तो विषय पुन्हा घेता येत नाही. डी किंवा एफ असेल तरच घेता येतो. म्हणजे इंजिनीअरिंगच्या अर्जात गणिताचा सी कायमचा, आणि कॅल्क्युलस ३ च्या खाली कच्चा पाया. डब्ल्यू घेतला तर एक प्रयत्न वाया जातो, एकूण तीनच मिळतात, पण पाटी कोरी राहते.

रविवारी रात्री मुलाने मेसेज केला: "मावशी, डब्ल्यू घेतोय. आईला तू सांग." मी सांगितलं नाही. त्याला म्हटलं, तूच सांग. त्याने सांगितलं. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. आणि चौथा पर्याय आपसूक पक्का झाला.

२०२३ च्या फॉलमध्ये तोच कॅल्क्युलस २ सोळा आठवड्यांत, सोबत फिजिक्सचा पहिला भाग. दोन्हीत ए. मग कॅल्क्युलस ३ आणि स्टॅटिक्स, मग डिफरन्शियल इक्वेशन्स, लिनिअर अल्जिब्रा, केमिस्ट्री. पहिल्याच सेमिस्टरला उरकलेल्या चार सर्वसाधारण विषयांचा इथे उपयोग झाला, म्हणजे नंतर जड विषयांच्या जोडीला त्यांचं ओझं राहिलं नाही. पहिल्या दोन वर्षांची फी कॉलेजच्या प्रॉमिस योजनेतून माफ होती. पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या आणि सेमिस्टरला किमान १२ युनिट घेणाऱ्याला ती मिळते. तिसऱ्या वर्षाची फी भरावी लागली. पुस्तकं, पार्किंग, आरोग्य फी धरूनही बाबांना ती रक्कम परराज्यातल्या एका महिन्याच्या हॉस्टेलपेक्षा कमी वाटली.

सप्टेंबर २०२४ मध्ये त्याने टॅग भरला. टॅग म्हणजे यूसीच्या सहा कॅम्पसकडून मिळणारी प्रवेशाची हमी: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा, सँटा क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. सहांतला एकच निवडता येतो, ठरलेले विषय आणि ठरलेली सरासरी असावी लागते, आणि मागणी जास्त असलेल्या काही मेजरना काही कॅम्पस टॅग देतच नाहीत, म्हणून दरवर्षीची यादी बघावी लागते. भरायची मुदत फक्त सप्टेंबर महिना. इथेही गंमत झाली. टॅग भरला म्हणजे प्रवेश झाला असं धरून मुलगा निवांत होता. टॅगनंतरही यूसीचा मुख्य अर्ज नोव्हेंबरअखेरच्या मुदतीत भरावाच लागतो, नाहीतर हमी रद्द. ते मी ऑक्टोबरच्या शेवटी विचारलं म्हणून कळलं.

निकाल

एप्रिल २०२५ मध्ये टॅगच्या कॅम्पसचा होकार आला, सिव्हिल इंजिनीअरिंगला. बर्कलीचा नकार, लॉस एंजेलिसचा नकार, एका कॅल स्टेटचा होकार. तो टॅगच्या कॅम्पसला गेला. डब्ल्यूबद्दल अर्जात त्याने दोनच वाक्यं लिहिली होती: उन्हाळ्यात नोकरी करत घेतला, झेपला नाही, पुढच्या सेमिस्टरला पुन्हा घेऊन ए मिळवला.

तिथलं पहिलं क्वार्टर त्याला कठीण गेलं, आणि याबद्दल आधी कुणी बोलत नाही. त्याचं कम्युनिटी कॉलेज सेमिस्टरवर चालायचं, यूसीचे बहुतेक कॅम्पस क्वार्टरवर चालतात. दहा आठवड्यांत सगळं आटोपतं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिडटर्म येऊन ठेपते. शिवाय बाकीच्यांचे गट दोन वर्षांत बनलेले असतात. नोव्हेंबरमध्ये त्याने फोनवर सांगितलं की जेवायला अजून एकटाच जातो.

एक वर्ष वाया गेलं का, यावर घरात एकमत नाही. बाबा म्हणतात गेलं. मुलगा म्हणतो तो कॅल्क्युलस आता झोपेत करेल. माझ्या मते उशिराची नावनोंदणी ही निव्वळ चूक होती, डब्ल्यू मात्र चूक नव्हती. दोन्हींना एकत्र 'वर्ष गेलं' म्हटलं की काय शिकायचं तेच हरवतं.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाने मे-जूनमध्येच कॉलेजचा ईमेल उघडला असता तर बहुतेक सगळंच वाचलं असतं. पण अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरच्या मुलाकडून ते आपोआप होईल असं मोठ्यांनी धरलं, ही आमची चूक. मे महिन्यात आईने मला विचारलं होतं, "आता आम्ही काय करायचं?" मी म्हटलं होतं, "काउन्सेलर सांगतील सगळं, काळजी करू नकोस." मी स्वतः कॉलेजात काम करते. एकेका काउन्सेलरच्या वाट्याला किती मुलं येतात हे मी रोज बघते. तरी ते वाक्य तोंडातून गेलं. काउन्सेलरकडे जाताना असिस्टचा छापील कागद हातात असावा आणि प्रश्न 'काय घेऊ?' असा नसून 'हे घेतोय, काही चुकतंय का?' असा असावा, एवढं तरी मी सांगू शकले असते.

कॅल्क्युलसला जागा नव्हती तेव्हा शेजारच्या कॉलेजात बघायला हवं होतं. एका कॉलेजात नाव असताना दुसऱ्यात एखादा विषय घेता येतो, दर तोच ४६ डॉलर. अर्ध्या तासाच्या अंतरात अशी तीन कॉलेजं होती. हे त्या ऑगस्टमध्ये कुणालाच सुचलं नाही.

उन्हाळी कॅल्क्युलस आणि नोकरी एकत्र, यात एकच काहीतरी निवडायला लावायला हवं होतं.

हा हिशेब सगळ्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. पुण्या-मुंबईहून थेट एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्याला ४६ डॉलरचा दर नाही. त्याची फी प्रति युनिट कित्येक पट असते, राहायला हॉस्टेल बहुतेक ठिकाणी नसतं, आणि ट्रान्स्फरनंतर यूसीतही परदेशी विद्यार्थ्याची जादा फी असतेच. टॅग मात्र त्यालाही भरता येतो.

आणि मागच्या महिन्यात असाच फोन एका एच-४ वाल्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या बायकामुलांचा व्हिसा असलेल्या, घरातून आला. मुलगी हुशार, तीही इंजिनीअरिंगचीच म्हणते, आईचा प्रश्न तोच: दोन वर्षं की तीन? पण एच-४ वर मूल २१ वर्षांचं होईपर्यंतच राहू शकतं. नंतर एफ-१ सारखा दुसरा व्हिसा लागतो, आणि त्यावर फी कुठल्या दराने लागेल ते कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसकडून लेखीच घ्यावं लागेल. सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज, फाफ्सा, तोही तिच्यासाठी नाही. आम्ही टेबलाशी बसलो, असिस्ट उघडलं, कागदावर सेमिस्टरचे रकाने आखले. पहिल्या ओळीत या वेळी गणित लिहिलं नाही. तिच्या एकविसाव्या वाढदिवसाची तारीख लिहिली आणि तिथून मागे मोजत आलो.